‘प्लॅटिनम’ सगळ्यात स्वस्त कसा? डिडक्टिबलचं गणित आणि पहिले पन्नास हजार

पत्र: ताई, आम्ही धायरीत राहतो. मिस्टर ४१ वर्षांचे, चाकणला एका कंपनीत आहेत, मी ३७, घरी शिकवण्या घेते, मुलं ११ आणि ७ वर्षांची. कंपनीची ५ लाखांची ग्रुप पॉलिसी आहे, सासूबाईंनापण (वय ६६, शुगर आहे) त्यातच घेतलंय. आता स्वतःची पॉलिसी काढायची म्हणून एजंटला बोलावलं तर त्याने एकाच कंपनीचे तीन प्लॅन दाखवले. सिल्व्हर १० लाखांचा, डिडक्टिबल (म्हणजे बिलातली आधी आपण भरायची रक्कम) नाही, हप्ता २७,०००. गोल्ड पण १० लाखांचा, ५० हजार डिडक्टिबल, हप्ता १९,५००. प्लॅटिनम ५० लाखांचा, ५ लाख डिडक्टिबल, हप्ता ७,२००. प्लॅटिनम सगळ्यात भारी आणि सगळ्यात स्वस्त, असं कसं असेल? मोठे दीर म्हणतात डोळे झाकून प्लॅटिनम घ्या. न्यू जर्सीतली बहीण म्हणते तिच्याकडे उलटं आहे, स्वस्त प्लॅनला डिडक्टिबल जास्त आणि वर जाल तसं कमी. अडीअडचणीला आमच्याकडे ८० हजारांची एफडी आहे, शिवाय एक भिशी चालू आहे. डोकं चालेनासं झालंय. — गोंधळलेली, धायरी

उत्तर:

अगं, आधी एक सांगते, तुझं डोकं नीट चालतंय. प्लॅटिनम स्वस्त कसा हा प्रश्न तुला पडला म्हणजे अर्धं काम झालं, मी २२ वर्षं क्लेमच्या टेबलावर काढली आणि हा प्रश्न पॉलिसी घेण्याआधी विचारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली, बाकीचे सगळे डिस्चार्जच्या दिवशी विचारायचे. (तू वयाने माझ्या मुलीएवढी आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.)

सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम ही नावं आधी डोक्यातून काढून टाक. आपल्याकडे या नावांना काही कायदेशीर अर्थ नाही, कंपनीच्या मार्केटिंगवाल्याला जे सुचलं ते नाव, उद्या कुणी पैठणी प्लॅन, इरकल प्लॅन काढला तरी कोण अडवणार नाही. तुझ्या बहिणीकडे तसं नाही. तिथे २०१० च्या कायद्याने धातूंची नावं बांधून दिलीत, ब्रॉन्झ म्हणजे सरासरी खर्चातले साधारण ६० टक्के कंपनी उचलणार, सिल्व्हर ७०, गोल्ड ८०, प्लॅटिनम ९०, त्यामुळे तिथे हप्ता वाढतो तसं डिडक्टिबल साधारण कमी होतं. ती तिच्या जागी बरोबर आहे आणि तूही तुझ्या जागी. पण आणखी एक फरक तिलाही सांग, तिच्याकडे नेटवर्कमधल्या उपचारांसाठी वर्षभरात पेशंटच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल त्याला वरची मर्यादा असते आणि त्याच्या पुढचं कंपनी बघते, आपल्याकडे मर्यादा असते ती कंपनीच्या पैशाला, त्याच्या पुढचं आपण बघायचं. एवढं समजलं की दोन्हीकडचे प्लॅन शेजारी ठेवून तुलना करायचा नाद सोडशील.

आता तुझा ‘प्लॅटिनम’. हा म्हणजे टॉप-अप नाहीतर सुपर टॉप-अप आहे गं, नाव बदललेला. कंपनी म्हणतेय, पहिले ५ लाख तुम्ही कुठूनही आणा, खिशातून आणा नाहीतर दुसऱ्या पॉलिसीतून, आम्ही त्याच्यापुढे सुरू होणार. आणि घरातल्या बहुतेक ॲडमिशन ५ लाखांच्या आतच आटपतात, डेंग्यू, अपेंडिक्स, हर्निया, पाय मोडला, म्हणून कंपनीला तो स्वस्तात द्यायला परवडतो. स्वस्त आहे म्हणून वाईट नाही, उलट मला सुपर टॉप-अप फार आवडतो, पण तो माळा आहे, खाली घर असेल तर माळ्याचा उपयोग. तुझ्या दिरांच्या हिशोबात खालचं घर म्हणजे कंपनीची ग्रुप पॉलिसी. आणि ती कुणाची आहे? मिस्टरांच्या कंपनीची. मिस्टरांनी उद्या नोकरी बदलली, मधे दोन महिने गॅप पडला, किंवा कंपनीने रिन्युअलला ५ चे ३ लाख केले, की घर गेलं आणि माळा तेवढा हवेत राहिला. त्या दोन महिन्यांत मुलाला काही झालं आणि बिल आलं ४ लाख, तर तुझा ५० लाखांचा प्लॅटिनम एक रुपया देणार नाही आणि तो नियमाप्रमाणेच देणार नाही, भांडायलासुद्धा जागा नाही.

तुझ्या पत्रात एक गोष्ट नाहीये आणि ती एजंटने सांगायला हवी होती. डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला लागतं की वर्षाचं मिळून एकदाच? साधा टॉप-अप असेल तर प्रत्येक ॲडमिशनला वेगळं, सुपर टॉप-अप असेल तर वर्षभराची सगळी बिलं एकत्र करून एकदाच. माझ्या टेबलावर आलेलं एक प्रकरण सांगते, एका घरात पावसाळ्यात आईला, मुलाला आणि मग आजोबांना असे एकामागोमाग तिघांना डेंग्यू झाला, बिलं आली ४२ हजार, ३८ हजार आणि ६१ हजार, म्हणजे एकूण १ लाख ४१ हजार. पॉलिसीला ५० हजार डिडक्टिबल, पण प्रत्येक क्लेमला. मग काय, पहिली दोन बिलं ५० च्या आतली म्हणून शून्य, तिसऱ्याचे ६१ मधून ५० गेले, हातात आले ११ हजार. तेच डिडक्टिबल वर्षाचं एकत्र, म्हणजे ‘ॲग्रिगेट’, असतं तर ९१ हजार मिळाले असते. दोन शब्दांचा फरक होता फक्त. ते गृहस्थ माझ्यावरच ओरडले आणि मला रागही आला नाही, त्यांच्या जागी मीही ओरडले असते. तर एजंटला फोनवर विचारू नकोस, व्हॉट्सॲपवर लेखी विचार (फ्लोटर म्हणजे घरातल्या सगळ्यांची मिळून एकच पॉलिसी), ‘गोल्ड आणि प्लॅटिनम दोन्हीचं डिडक्टिबल ॲग्रिगेट आहे का, फ्लोटरमधे चौघांचं मिळून एकच आहे का’, आणि त्याचं उत्तर आल्यावर पॉलिसी वर्डिंगच्या पीडीएफमधे ती ओळ स्वतः शोध.

आता सिल्व्हर विरुद्ध गोल्ड. हप्त्यात फरक ७,५०० चा. ५० हजार भागिले साडेसात हजार, म्हणजे साधारण पावणेसात वर्षं. म्हणजे पावणेसात वर्षांत घरात एकदाही मोठं आजारपण आलं नाही तर गोल्डने पैसे वाचले, त्याच्या आत एकदा आलं तर बरोबरी किंवा थोडं नुकसान. चाळिशीच्या आतबाहेरचे दोघं आणि दोन मुलं असलेल्या घराला हा सौदा मला वाईट वाटत नाही. छोटा क्लेम पास होणार नाही म्हणून क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारा नो क्लेम बोनसही टिकतो. पण हे गणित सगळे करतात आणि इथेच थांबतात, आणि मला जे बोलायचंय ते याच्या पुढचं आहे.

डिडक्टिबल म्हणजे आपण कंपनीला दिलेला शब्द असतो की एवढे पैसे त्या दिवशी माझ्या हातात असतील. वाचलेला हप्ता कितीही असू दे, तो शब्द पाळता येणार नसेल तर तो प्लॅन आपला नाही. माझंच सांगते. मिस्टरांना रात्री साडेदहाला छातीत दुखायला लागलं, नेलं, अँजिओप्लास्टी लगेच करायची ठरली. पॉलिसीला डिडक्टिबल मीच घेतलेलं, ऑफिसात सगळ्यांना शहाणपण शिकवणारी मी. बिलिंग काउंटरवरचा मुलगा म्हणाला कॅशलेसची रिक्वेस्ट पाठवतो पण डिडक्टिबलची रक्कम आत्ता डिपॉझिट भरा. पैसे होते गं माझ्याकडे! एफडीत होते. जॉइंट एफडी, मोडायला सही दोघांची लागणारी, आणि दुसरी सही आयसीयूत. शेवटी नळ स्टॉपला राहणाऱ्या भाच्याने रात्री बारा वाजता पैसे पाठवले. तर तुझी ती ८० हजारांची एफडी कुणाच्या नावावर आहे, ऑनलाइन मोडता येते का, का बँकेत जाऊन फॉर्म भरावा लागतो, हे आजच बघ. आणि भिशी यात धरू नकोस, भिशीचा नंबर आपल्या आजारपणाचा मुहूर्त बघून लागत नाही.

एफडी सिंगल नावावर केलीस किंवा मुदतीआधी एकाच्याच सहीने मोडता येईल असं बँकेकडून लेखी करून घेतलंस तर तू ५० हजारांचा शब्द देऊ शकतेस. ५ लाखांचा नाही देऊ शकत. म्हणून फक्त प्लॅटिनम, हा दिरांचा सल्ला तुझ्या घराला लागू होत नाही, त्यांच्याकडे बँकेत दहा लाख पडून असतील तर त्यांना होत असेल.

मग काय घ्यायचं? मी तुझेच आकडे कागदावर मांडले आणि दोनदा बेरीज केली कारण मलाच खरं वाटेना. गोल्ड १९,५०० आणि प्लॅटिनम ७,२००, दोन्ही मिळून २६,७००. एकट्या सिल्व्हरपेक्षा ३०० रुपये कमी! म्हणजे सिल्व्हरच्या पैशात तुला खाली १० लाखांचं घर आणि वर ५० लाखांचा माळा दोन्ही मिळतंय, फक्त उंबऱ्यावरचे ५० हजार तुझे. बिल ३ लाख आलं, गोल्ड अडीच लाख देणार. बिल १४ लाख आलं, गोल्ड आपले १० लाख देऊन थांबणार आणि त्याच्या वरचं प्लॅटिनमकडे मागायचं, त्याची ५ लाखांची पायरी कधीच ओलांडलेली असणार. एकट्या सिल्व्हरमधे १४ लाखांच्या बिलाला तुझ्या खिशातून ४ लाख गेले असते, आणि कॅन्सर किंवा मोठ्या ॲक्सिडेंटला पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात १० लाख ओलांडायला फार दिवस लागत नाहीत.

आणि मिस्टरांची नोकरी आहे तोवर तर ते ५० हजारसुद्धा बऱ्याचदा तुझ्या खिशातून जाणार नाहीत, कारण आधी क्लेम ग्रुप पॉलिसीत टाकायचा, तिथले ५ लाख संपले की पुढचं गोल्डकडे. फक्त गोल्डच्या वर्डिंगमधे एक गोष्ट बघून घे, डिडक्टिबलची रक्कम दुसऱ्या पॉलिसीतून भरली गेली तरी चालते का. सुपर टॉप-अपला ती चालतेच, ती तर त्याची रीतच आहे, पण गोल्डसारख्या बेस म्हणजे मूळ पॉलिसीतल्या ऐच्छिक डिडक्टिबलला काय लिहिलंय ते लेखी घे.

कागदपत्रांचं थोडं सांगते कारण दोन-तीन पॉलिसी असल्या की खरी बोंब इथे होते. ॲडमिट झाल्यावर सगळ्या कंपन्यांना कळवायचं, बिल छोटं दिसत असलं तरी, कारण आठ दिवसांनी ते छोटं राहत नाही. ओरिजिनल बिलं पहिल्या कंपनीकडे जातात, म्हणून हॉस्पिटलकडून डिस्चार्ज समरी, फायनल बिल, रिपोर्ट यांच्या शिक्का मारलेल्या झेरॉक्स त्याच दिवशी घ्यायच्या, नंतर रेकॉर्ड रूमला हेलपाटे मारावे लागतात. पहिल्या कंपनीने पैसे दिले की तिचं सेटलमेंट लेटर घ्यायचं, दुसरी कंपनी ते मागतेच. वर्षभरात खिशातून भरलेली छोटी ॲडमिशनची बिलंसुद्धा एका प्लास्टिकच्या फोल्डरमधे ठेव, ॲग्रिगेट डिडक्टिबल संपलं हे सिद्ध तुलाच करायचं असतं. आणि डिडक्टिबल मोजताना अख्खं बिल धरत नाहीत, पॉलिसीत बसणारा खर्चच धरतात, तेव्हा बिल ५ लाख २० हजार झालं म्हणून २० हजार मिळणार असं समजू नकोस, त्यातले न बसणारे खर्च वजा झाले की ते ४ लाख ९० पण निघू शकतं.

को-पे वेगळं, ते डिडक्टिबलमधे मिसळू नकोस. डिडक्टिबल ठरलेली रक्कम, को-पे म्हणजे बिलाचा टक्का. २० टक्के को-पे असेल तर ६ लाखांच्या बिलाला १ लाख २० हजार तुझे, बिल वाढेल तसं तेही वाढत जाणार. तुझ्या तिन्ही प्लॅनमधे को-पे आहे का आणि रूम रेंटला मर्यादा आहे का एवढं विचार. रूम रेंटची मर्यादा असली आणि तू वरची रूम घेतलीस तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे रूमशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापतात, तो वेगळाच छुपा डिडक्टिबल समज.

सासूबाईंना या फ्लोटरमधे घालू नकोस. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो, त्या आल्या की चौघांचा हप्ता त्यांच्या वयाने जाणार. त्यांची वेगळी काढा, आणि आत्ता काढा, कंपनीच्या पॉलिसीत आहेत तोवरच, कारण आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पिरियड असतो, तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, १ एप्रिल २०२४ पासून इर्डाने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तो जास्तीत जास्त ३ वर्षं केलाय, ती ३ वर्षं ग्रुप पॉलिसीच्या छत्राखाली निघून जातील. शुगर फॉर्ममधे लिहायची म्हणजे लिहायची. एजंट म्हणेल ‘राहू द्या वहिनी, हप्ता वाढेल’, ऐकायचं नाही, ५ वर्षांचा मोरॅटोरियम (तो संपला की फसवणूक सोडून जुन्या माहितीवरून क्लेम नाकारता येत नाही) पूर्ण व्हायच्या आत कंपनीला लपवलेला आजार सापडला तर क्लेमही जातो आणि पॉलिसीही जाऊ शकते. त्यांच्या वयाला हप्ता परवडत नसेल तर त्यांच्यासाठी ५ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप मी चालवून घेईन, ग्रुप पॉलिसी खाली आहे म्हणून. ७० पूर्ण झाली की सरकारी योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतंय, फक्त हॉस्पिटल योजनेतलं हवं. ज्येष्ठांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाशी बोलावं लागतं, हा नियम जानेवारी २०२५ चा, तो लक्षात असू दे. टॅक्स जुन्या पद्धतीने भरत असाल तर त्यांचा हप्ता मिस्टरांच्या खात्यातून जाऊ दे, सासूचा हप्ता सुनेने भरला तर तिला वजावट मिळत नाही. आणि रोख तर अजिबात भरायचा नाही, कुणालाच मिळणार नाही.

हो, एजंटच्या कोटेशनवर तारीख बघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर हेल्थ पॉलिसीवर जीएसटी शून्य झालाय. आधी १८ टक्के होता. त्याने एका प्लॅनचा जुना आकडा आणि दुसऱ्याचा नवा असं शेजारी लावलं असेल तर माझी वरची सगळी बेरीज फुकट, मग मला नवे आकडे पाठव, परत करून देईन.

पुढे कधी डिडक्टिबल नको वाटलं तर? काही पॉलिसींत काही वर्षांनी तब्येतीची नव्याने चौकशी न करता डिडक्टिबल काढून टाकायची सोय असते, त्याला वयाची अट असते, बऱ्याच पॉलिसींत ही सोयच नसते आणि मग काढायचं म्हटलं की कंपनी नवीन प्रपोजलसारखे प्रश्न विचारते. गोल्डमधे ती सोय असेल तर मी त्याला जास्त मार्क देईन. नसेल तरी आत्ता घे.

पॉलिसी आली की ३० दिवसांचा फ्री लुक असतो, म्हणजे पटली नाही तर परत करायची मुदत, तेवढ्यात पहिलं पान तरी नीट वाच, चौघांची नावं, जन्मतारखा, सम इन्शुअर्ड म्हणजे विम्याची रक्कम, डिडक्टिबल, आणि त्या आकड्याच्या शेजारी ‘ॲग्रिगेट’ लिहिलंय का. नसेल आणि एजंटने व्हॉट्सॲपवर ‘हो आहे’ म्हटलेलं असेल तर तो स्क्रीनशॉट लावून दुरुस्ती माग, नाही केली तर पॉलिसी परत कर. क्लेमवरून कधी वाद झालाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालांचं ऑफिस आपल्या पुण्यातच आहे, नारायण पेठेत एन. सी. केळकर रोडला, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

दिरांना काय सांगायचं ते तू बघ. प्लॅटिनम घेतला म्हणून सांगितलंस तरी ते खोटं होणार नाही.